ॲटारी २६०० वरचं ब्रेकआऊट: पॅडल साफ करण्यापासून दोन्ही भिंती पाडण्यापर्यंत

विटा फोडायचा गेम म्हटलं की आपल्याकडे कुणाला कॉम्प्युटरवरचा डीएक्स बॉल आठवतो, कुणाला ब्लॅकबेरीवरचा ब्रिकब्रेकर, पण या सगळ्यांचा मूळपुरुष ब्रेकआऊट आहे, जो ॲटारीने १९७६ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी, काढला आणि १९७८ साली घरच्या टीव्हीला लावायच्या ॲटारी २६०० या कन्सोलवर आणला. घरचं व्हर्जन ब्रॅड स्टुअर्टने लिहिलं. आज हा गेम बरेच जण ब्राउझरमधे किंवा फोनवर दोन मिनिटं खेळतात, कंटाळतात आणि म्हणतात की यात आहे काय. मला यावर मनापासून एवढंच सांगायचंय की तुम्ही अजून तो गेम खेळलाच नाहीये. ब्रेकआऊट गोल नॉबसाठी बनलाय, बाणांच्या बटणांवर किंवा अंगठ्याने स्क्रीन घासून खेळलात तर त्याचा अर्धा जीवच जातो. म्हणून या लेखात आधी पॅडल आणि सेटअप नीट लावू, मग भिंत कशी पाडायची ते बघू.

(एक आधीच सांगतो, हातातल्या गोल नॉबच्या कंट्रोलरला मी पॅडल म्हणणार आणि स्क्रीनवर सरकते तिला पट्टी, म्हणजे पुढे गोंधळ नको.)

आधी नियम, कारण सगळी स्ट्रॅटेजी याच आकड्यांत आहे

वर सहा रांगांची रंगीत भिंत, खाली पट्टी, मधे बॉल. प्रत्येक रांगेत १८ विटा, म्हणजे एका भिंतीत १०८. खालच्या दोन रांगांतली वीट १ गुणाची, मधल्या दोन रांगांतली ४ ची आणि सगळ्यात वरच्या दोन रांगांतली ७ ची. बेरीज केली तर खालून ३६, मधून १४४, वरून २५२, एकूण ४३२. पहिली भिंत पूर्ण पाडली की दुसरी येते, तीही ४३२ ची, आणि ती पाडली की संपलं, तिसरी येत नाही. म्हणून या गेमचा सगळ्यात मोठा स्कोअर ८६४. त्यासाठी तुम्हाला पाच बॉल मिळतात.

आता २५२ हा आकडा परत बघा. भिंतीच्या निम्म्याहून जास्त गुण सगळ्यात वरच्या दोनच रांगांत आहेत, आणि त्या रांगा खालून एकेक फोडत पोचायच्या तर फार वेळ जातो कारण खालून आलेला बॉल एक वीट फोडतो आणि परत तुमच्याकडे येतो. प्रत्येक वेळी परत येताना तो हुकायची शक्यता. पण तोच बॉल भिंतीच्या मागे गेला तर वरची कड आणि विटा यांच्यामधे आपटत राहतो आणि तुम्ही काही न करता ७-७ गुण पडत राहतात. अख्खा गेम या एका गोष्टीभोवती फिरतो, खाली सविस्तर येईलच.

आर्केडवाल्या ब्रेकआऊटमधे आठ रांगा होत्या आणि तीनच बॉल, आणि मजा म्हणजे तो मॉनिटर ब्लॅक अँड व्हाइट होता, विटांचे रंग म्हणजे काचेवर चिकटवलेल्या रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या होत्या. २६०० वर मात्र रंग खरे आहेत. आणि हे सगळं १२८ बाइट रॅममधे चालतं, किलोबाइट नाही, नुसते बाइट. स्क्रीन १६० पिक्सेल रुंद, दोन्ही बाजूंच्या कडा ८-८ पिक्सेलच्या, उरले १४४, त्यात ८ पिक्सेलची एक अशा बरोब्बर १८ विटा बसतात. एवढ्याशा जागेत एवढं चोख बसवलेलं काम बघितलं की मला आजही बरं वाटतं.

कशावर खेळायचं

तीन रस्ते आहेत. जुना खरा कन्सोल, नवा ॲटारी २६०० प्लस, किंवा कॉम्प्युटरवर स्टेला नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम.

खरा जुना कन्सोल भारतात मिळवायचा म्हणजे बहुतेक वेळा अमेरिकेतून कुणीतरी नातेवाईक आणणार किंवा ऑनलाइन मागवणार, तेव्हा एक गोष्ट पाठ करून ठेवा. त्याच्यासोबत आलेला अमेरिकन ॲडॉप्टर १२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावलात तर तो तिथेच जळणार. त्याऐवजी इथलाच ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिॲम्प किंवा थोडा जास्तीचा, रेग्युलेटेड ॲडॉप्टर घ्या, त्याला ३.५ मिलिमीटरची मोनो पिन हवी आणि टोकाला पॉझिटिव्ह हवं. ही पिन इअरफोनच्या पिनसारखी दिसते आणि आत घालताना क्षणभर शॉर्ट होऊ शकते, म्हणून आधी पिन कन्सोलमधे घालायची आणि मग भिंतीवरचं बटण चालू करायचं, उलटं करायचं नाही.

दुसरी अडचण टीव्हीची. अमेरिकन कन्सोल एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीचा सिग्नल देतो आणि तोसुद्धा अँटेनाच्या वायरीतून, आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, त्यामुळे चित्र नीट लागेलच असं नाही. ओळखीचा इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल तर कन्सोलला एव्ही आऊटपुट काढून घेता येतं, आणि आताचे बरेचसे टीव्ही एव्हीवरून एनटीएससी घेतात. युरोपातला पाल कन्सोल मिळाला तर चित्र येईल, पण त्यात अमेरिकन कार्टरिज (गेम असलेली डबी) टाकलंत तर रंग बदलतात, आणि पाल कार्टरिज सेकंदाला ५० फ्रेमवर चालतं, त्यामुळे गेम हळू पळू शकतो. शिकायला हळू बरं वाटतं, पण स्कोअर कुणाशी ताडून बघायचा असेल तर ६० फ्रेमवाल्यावरच खेळा.

कार्टरिज शोधताना ब्रेकअवे फोर नावाचं दिसलं तर सोडू नका, अमेरिकेत सीअर्स कंपनी ॲटारीचेच गेम वेगळ्या नावाने विकायची, तो हाच गेम आहे.

हे सगळं नको असेल तर २०२३ च्या शेवटी आलेला २६०० प्लस सोपा. एचडीएमआय आहे, जुनी कार्टरिज चालतात, आणि त्याच्यासाठी नव्याने बनवलेल्या पॅडलची जोडी वेगळी मिळते, जिच्यासोबत चार गेमचं एक कार्टरिज येतं आणि त्यात ब्रेकआऊट आहेच. माझ्या मते ज्याला सोल्डरिंगच्या भानगडीत पडायचं नाही त्याने हेच घ्यावं.

एम्युलेटरचं पुढे सांगतो, आधी पॅडल.

पॅडल: इथे घाई करू नका

जुनी पॅडल एका वायरीला दोन अशी जोडीने येतात, मॉडेल नंबर सीएक्स३०. विकत घेताना जपा, कारण अगदी असाच दिसणारा ड्रायव्हिंग कंट्रोलर पण असतो आणि तो या गेमला चालत नाही. फरक ओळखायला सोपा आहे, पॅडलचा नॉब दोन्ही टोकांना अडतो, ड्रायव्हिंगवाला गोल गोल फिरतच राहतो, आणि तो एका वायरीला एकच असतो.

पॅडल कन्सोलच्या डाव्या पोर्टमधे लावायचं. जोडीतलं कुठलं पहिल्या खेळाडूचं ते कळत नसेल तर दोन्ही फिरवून बघा, ज्याने पट्टी हलते ते तुमचं.

आता जुन्या पॅडलचं हमखास दुखणं म्हणजे पट्टी थरथरते, जागच्या जागी उड्या मारते. याला जिटर म्हणतात, आणि हे का होतं ते समजलं की दुरुस्ती आपोआप समजते. नॉबच्या खाली १ मेगाओमचा पॉट आहे, म्हणजे रेडिओच्या व्हॉल्यूमला असतो तसलाच. कन्सोलमधे एक छोटा कपॅसिटर आहे, प्रत्येक फ्रेमला तो रिकामा केला जातो आणि मग या पॉटमधून परत चार्ज होऊ दिला जातो. नॉब एका टोकाला असेल तर झटकन चार्ज होतो, दुसऱ्या टोकाला असेल तर वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात टीव्हीवर किती ओळी काढून झाल्या ते गेम मोजतो. तो आकडा म्हणजेच पट्टीची जागा. आता पॉटच्या आतल्या कार्बनच्या पट्ट्यावर चाळीस वर्षांची धूळ बसली असेल तर संपर्क क्षणभर तुटतो, कपॅसिटर वेळेवर चार्ज होत नाही, आकडा चुकतो आणि पट्टी भलतीकडे जाते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर यायची तिचं कारणही हेच.

म्हणजे करायचं काय, तर वायर कन्सोलमधून काढा, पॅडल उलटं करा, खालचे स्क्रू खोला आणि खालचं झाकण अलगद उचला, वायरी ओढल्या जाणार नाहीत हे बघा. पॉटच्या धातूच्या डबीला पाय निघतात तिथे बारीक फट असते. त्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे नळी लावून एक-दोनदा मारा आणि लगेच नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा, अर्धवट नाही, पूर्ण. मग उघडंच ठेवून वाळू द्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कॉन्टॅक्ट क्लीनर सहज मिळतो. गंज काढायचा तेलकट स्प्रे वापरू नका, तो आत तेल सोडतो, त्यावर धूळ परत बसते आणि काही दिवसांत जास्तच थरथर सुरू होते.

एवढ्याने भागलं नाही तर पॉट उघडावा लागतो. नॉब सरळ वर ओढला की निघतो, खालचा नट सोडवायचा, पॉटच्या मागच्या झाकणाचे धातूचे कान हळूच वाकवायचे आणि आतला काळा पट्टा इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचा. जोरात घासायचं नाही, कार्बनच निघून येईल. कान एक-दोनदाच वाकतात, नंतर तुटतात, म्हणून बंद करताना सावकाश. आणि पॉट खरंच झिजलेला असेल तर त्याच बाजारात १ मेगचा लिनियर पॉट मागा, लॉगवाला दिला तर पट्टी एका बाजूला सुसाट आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळत चालेल.

साफ झालं का ते तपासायला गेम चालू करून नॉब मधे ठेवा आणि हात काढून घ्या. पट्टी शांत राहिली तर झालं. मग अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा, कुठे एका ठिकाणी उडी मारत असेल तर तेवढ्याच भागात परत स्प्रे आणि परत फिरवणं.

स्टेलावर खेळणार असाल तर

स्टेला फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो. गेमची फाइल तुमच्याकडच्या कार्टरिजची असावी. फाइल उघडली की तो स्वतःच ओळखतो की याला पॅडल लागतं आणि माऊसला पॅडल बनवतो, डावं क्लिक म्हणजे लाल बटण. कंट्रोल आणि जी दाबलं की माऊस खिडकीत अडकून राहतो, हे केलं नाहीत तर ऐन वेळी कर्सर बाहेर पळतो आणि बॉल गेला. एफ१ ने गेमचा प्रकार निवडायचा, एफ२ ने सुरू करायचा, ही कन्सोलवरची सिलेक्ट आणि रिसेट बटणंच आहेत. एफ५ ने डाव्या बाजूची डिफिकल्टी ए होते आणि एफ६ ने बी. शिकताना बी ठेवा, ए वर पट्टी छोटी होते.

इनपुटच्या सेटिंगमधे माऊसची सेन्सिटिव्हिटी आहे ती आधी लावून घ्या. माझं म्हणणं, मनगट न उचलता पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाईल इतपत ठेवा, त्याहून जास्त नको, नाहीतर बारीक हालचाल जमणार नाही.

माऊस चालतो, पण माऊसला स्वतःची जागा नसते, उचलून परत ठेवला की सगळं बदलतं. खऱ्या पॅडलमधे नॉबचा कोन म्हणजेच पट्टीची जागा, दोन्हींचं नातं पक्कं असतं, त्यामुळे काही दिवसांत हाताला न बघता कळायला लागतं की डावा कोपरा इथे, मधली जागा इथे. कीबोर्डवर तर हे अजिबातच नाही, बटण दाबून धरा आणि पट्टी येईपर्यंत वाट बघा. खरी जुनी पॅडल असतील तर ती यूएसबीला जोडणारे छोटे ॲडॉप्टर मिळतात, स्टेला ते ओळखतो, आणि कॉम्प्युटरवर खेळणाऱ्याने सगळ्यात आधी पैसे खर्च करावेत ते यावर.

कशावरही खेळा, टीव्ही असेल तर त्याचा गेम मोड चालू करा. चित्र सुंदर करायच्या नादात टीव्ही प्रत्येक फ्रेम उशिरा दाखवतो, आणि इथे बॉल फास्ट झाला की तेवढा उशीर पुरतो हुकायला. एव्हीचं एचडीएमआय करणारे स्वस्त कन्व्हर्टरही उशीर वाढवतात. तुम्हाला सारखं वाटत असेल की पट्टी पोचली होती तरी बॉल गेला, तर दोष हाताचा धरायच्या आधी हे तपासा.

हात कसा ठेवायचा

पॅडल हवेत धरू नका. टेबलावर किंवा मांडीवर टेकवा, डाव्या हाताने बॉडी धरा आणि अंगठा डाव्या बाजूच्या लाल बटणावर, उजव्या हाताची दोन-तीन बोटं नॉबच्या कडेवर. पूर्ण मूठ करून नॉब धरला की मनगट फिरतं आणि हालचाल ओबडधोबड होते, बोटांच्या टोकांनी फिरवला की अर्ध्या विटेएवढं पण सरकता येतं. नॉब घड्याळाच्या काट्याच्या दिशेला फिरवला की पट्टी उजवीकडे.

पहिले काही डाव स्कोअर विसरा. नुसतं बॉल परत मारत राहा आणि नजर पट्टीवर नाही, बॉलवर ठेवा. बॉल विटेला लागून खाली वळला त्याच क्षणी तो कुठे उतरणार ते ठरलेलं असतं, बाजूच्या कडेला लागणार असेल तर तिथून तो तेवढ्याच कोनात परत फिरणार. म्हणजे तुमच्याकडे खाली यायचा अख्खा वेळ असतो. जे हुकतात ते बहुतेक हळू असतात म्हणून हुकत नाहीत, ते उशिरा बघतात.

पट्टीचा कुठला भाग लावायचा

हे जमलं की गेम बदलतो. बॉल पट्टीच्या कुठल्या भागाला लागला यावर तो कुठल्या कोनात जाणार ते ठरतं. साधारण डाव्या भागाला लागला की डावीकडे, उजव्याला लागला की उजवीकडे, आणि टोकाच्या जितका जवळ तितका आडवा. म्हणजे बॉल फक्त वाचवायचा नाहीये, प्रत्येक वेळी तुम्ही त्याला कुठेतरी पाठवताय.

सराव असा करा, पहिल्या बॉलला ठरवायचं की फक्त डावा अर्धा भागच लावणार, आणि तेवढंच करायचं, हुकला तर हुकला. दुसऱ्या बॉलला उजवा. हा सराव कंटाळवाणा आहे पण याच्याशिवाय पुढचं बोगद्याचं काम होत नाही. गेममधे कॅच नावाचा एक प्रकार आहे ज्यात लाल बटण दाबून धरलं की बॉल पट्टीला चिकटतो आणि सोडलं की सुटतो, कोन समजून घ्यायला तो फार चांगला.

वेगाचं पण लक्षात ठेवा. सलग बरेच फटके झाले की बॉल फास्ट होतो, आणि वरच्या रांगांना लागला तरी होतो. बॉल हुकून नवा आला की वेग परत कमी. म्हणून पहिले फटके वाया घालवू नका, बॉल हळू असतानाच नेम धरून मारता येतं.

बोगदा

आता मुख्य काम. एका बाजूच्या कडेला लागून विटांचा एक उभा पट्टा फोडत वर जायचं, सहाच्या सहा रांगांमधून आरपार, आणि त्यातून बॉल मागे सोडायचा.

कडेलाच का, तर मधे भोक पाडलंत तर तिरका येणारा बॉल भोकाच्या दोन्ही बाजूंच्या विटांना आपटतो आणि परत येतो, कडेला मात्र एका बाजूला भिंत असते जी फुटत नाही, बॉल तिला लागून आतच वळतो आणि वर सरकतो. भोक एक वीट रुंद ठेवलं तर फार नेम लागतो, दोन विटा रुंद झालं की बॉल आरामात शिरतो. म्हणजे साधारण बारा विटा फोडायच्यात, एका फेरीत एक, तेव्हा धीर धरा, मधेच दुसरीकडे बॉल गेला तर वैतागू नका, परत त्याच कोपऱ्याकडे वळवा.

दुसरं म्हणजे बाकीची खालची रांग शक्य तेवढी शाबूत राहू द्या. बॉल मागे गेल्यावर तो खाली येणार तो फक्त भोकातूनच. खालच्या रांगेत एकच भोक असेल तर तुम्हाला माहितीये तो कुठून बाहेर पडणार, पट्टी त्या बाजूला नेऊन थांबायचं. खालची रांग ठिकठिकाणी फोडून ठेवलीत तर बॉल कुठूनही टपकतो, आणि तोही फास्ट.

बॉल वरच्या कडेला लागला की पट्टी निम्मी होते. मागे धडाधड विटा फुटतायत, स्कोअर सात-सातने पळतोय आणि खाली तुमची पट्टी अर्धी झालीये, याच क्षणी लोक स्क्रीनचा वरचा भाग बघत बसतात. तो मोह आवरा. नजर खालच्या दोन रांगांच्या भोकांवर ठेवा, कारण वरून फुटत फुटत नवी भोकं पण पडतात. आणि बॉल बाहेर आला की आता टोकाने मारायचा प्रयत्न नको, छोट्या पट्टीच्या मधोमध घ्या, आधी वाचवा, नेम पुढच्या फेरीला.

२०१५ साली डीपमाइंड या गूगलच्या एआय कंपनीने नेचर या विज्ञान नियतकालिकात एक संशोधन छापलं होतं ज्यात त्यांचा प्रोग्राम २६०० चे गेम खेळायला शिकला. त्याला फक्त स्क्रीनवरचे पिक्सेल आणि स्कोअर दिला होता, नियम कुणी सांगितले नव्हते. ब्रेकआऊटमधे त्याने भरपूर खेळून शेवटी शोधून काढलं ते हेच, कडेला बोगदा पाडायचा आणि बॉल मागे सोडायचा. तेव्हा बिनधास्त या पद्धतीवर मेहनत घ्या.

शेवटच्या दोन-चार विटा

इथे सगळ्यात जास्त बॉल जातात. भिंत जवळजवळ साफ झालेली असते, बॉल वरच्या कडेला लागून वेगाने येत असतो, पट्टी अर्धी, आणि उरलेली वीट कुठेतरी एकटी. बॉल बऱ्याचदा एकाच वाटेवर फिरायला लागतो, तीच कड, तीच जागा, परत पट्टी, आणि वीट काही लागत नाही. तशी फेरी दोनदा तीच दिसली की वाट मोडायची, म्हणजे पट्टीच्या ज्या भागाने घेताय तो बदलायचा, मधून घेत असाल तर थोडं टोकाकडे. एकदम टोकाला नाही, तिथे हुकायचा धोका जास्त.

आणि उलटा हिशोब करायला शिका. वीट डावीकडे वर आहे आणि बॉल उजवीकडे उतरतोय, तर डाव्या भागाने मारून सरळ तिकडे पाठवायचा की उजव्या भागाने मारून उजव्या कडेवरून वळवायचा, दोन्ही रस्ते असतात. ज्यात पट्टी कमी सरकवावी लागेल तो घ्या.

स्टेलावर याचा सराव फार छान करता येतो. दोन-तीन विटा उरल्या की एफ९ दाबून तिथली स्थिती साठवा आणि हुकलात की एफ११ ने परत तिथेच या, पाहिजे तितक्या वेळा. हा सराव झाला, स्कोअर म्हणून सांगायचा डाव मात्र सलग खेळलेलाच हवा.

पाच बॉलचं बजेट

दोन भिंती, पाच बॉल. माझा हिशोब असा की पहिली भिंत दोन बॉलमधे पडली तर ८६४ ची आशा धरायची, तीन लागले तरी दुसऱ्या भिंतीचा बोगदा पाडून सहाशे-सातशेपर्यंत जाता येतं. बोगदा लवकर पडला तर एकाच बॉलमधे शंभर-दीडशे गुण सहज येतात, म्हणून नवा बॉल आला की पहिल्या चार-पाच फटक्यांत तो कोपऱ्याकडे लावायचाच. बॉल लाल बटण दाबल्याशिवाय येत नाही, तर हुकल्यावर लगेच दाबू नका. हात सैल करा, नॉब मधे आणा, मग दाबा. बॉल भिंतीच्या खालून निघून थेट तुमच्याकडे येतो, पट्टी मधे असली की दोन्हीकडे पोचता येतं.

हे जमल्यावर

कार्टरिजमधे एकूण १२ प्रकार आहेत. टाइम्ड प्रकारात भिंत किती लवकर पाडता ते मोजलं जातं. ब्रेकथ्रूमधे बॉल विटेला लागून परत फिरत नाही, फोडत फोडत सरळ आरपार जातो, त्यामुळे बोगद्याची गरजच नाही आणि सगळा भर वेगावर येतो. स्टीअरेबलमधे बॉल हवेत असताना नॉबने थोडा वळवता येतो, मला तो फारसा आवडत नाही, कोनाची सगळी मजा जाते. आणि इनव्हिजिबल, ज्यात विटा दिसतच नाहीत, वीट लागली की भिंत क्षणभर चमकते आणि परत अंधार. तो साध्या प्रकारात सातत्याने ४०० च्या वर जायला लागल्यावरच घ्या, कारण कुठली वीट उरलीये हे डोक्यात ठेवावं लागतं.

घरात चौघं असतील तर पॅडलच्या दोन जोड्या लावून चौघांना पाळीपाळीने खेळता येतं. लहान मुलांना डिफिकल्टी बी आणि मोठ्यांना ए, असं ठेवायचं असेल तर प्रत्येकाच्या पाळीला कन्सोलवरचा स्विच बदला.

आणि ब्रेकआऊटचं पोट भरलं की याच पॅडलवर सुपर ब्रेकआऊट लावा. त्यात डबल म्हणजे दोन बॉल आणि एकावर एक दोन पट्ट्या, कॅव्हिटी म्हणजे भिंतीच्या आत कोंडलेले बॉल जे तुम्ही सोडवायचे, आणि प्रोग्रेसिव्ह म्हणजे भिंत हळूहळू खाली सरकत येते. सुरुवात कॅव्हिटीपासून करा, बोगदा पाडायचा हात बसलेला असेल तर तिथे पहिल्याच दिवशी त्याचा उपयोग होतो.